पपईचा चीक आणि माणसाची पाठ : एका औषधाचा उदयास्त, एका फळाचा वंशविस्तार

१/
१९६३ साल. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या एल्जिन गावचे अस्थिशल्यविशारद लायमन स्मिथ यांनी एका रुग्णाच्या मणक्यांमधील गादीत सुई घातली. कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळांनी तो रुग्ण हैराण झाला होता. सुईतील औषध कच्च्या पपईच्या चिकातून काढलेले होते. पुढील चाळीस वर्षांत या औषधाने मोठी आशा निर्माण केली, वाद ओढवून घेतले आणि अखेर ते बाजारातून नाहीसे झाले. त्याच काळात पपईच्या बागांवरही संकट आले. या दोन कथा एकाच झाडाच्या आहेत आणि दोन्हींच्या तळाशी एकच प्रश्न आहे : सगळे एकसारखेच आहेत असे गृहीत धरले, तर काय घडते?

२/
पपई आपल्या परसात इतकी रुळली आहे की ती परदेशी आहे हे लक्षातही येत नाही. तिचे माहेर दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिका. तेथील रानटी पपई आजही जंगलांच्या कडेला उगवते. तिचे फळ लहान, गर अगदी पातळ आणि आत बियाच बिया. पपई ज्या ‘कारिका’ या प्रजातीत मोडते, तिच्यात दुसरी एकही जात नाही. म्हणजे जवळची भावंडे जवळपास नाहीतच. तिच्या कुळातील सर्वांत निकटच्या वनस्पती मेक्सिको आणि ग्वातेमाला येथील लहानखुऱ्या झुडपांच्या रूपात आढळतात. डोंगराळ दक्षिण अमेरिकेत ‘व्हास्कोन्सेलिया’ नावाचे आणखी काही नातलग आहेत. या एकटेपणाचा संदर्भ पुढे येईल.

३/
सोळाव्या शतकात स्पॅनिश आणि पोर्तुगीज जहाजांबरोबर पपईच्या बिया जगभर पसरल्या. या प्रवासाचा एक साक्षीदार गोव्यात होता. यान हुइगेन व्हान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ मध्ये गोव्यात आला आणि सुमारे पाच वर्षे तेथील आर्चबिशपचा चिटणीस म्हणून राहिला. १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासग्रंथात पपईचे वर्णन आहे. हे फळ स्पॅनिश अमेरिकेतून फिलिपिन्सला, तेथून मलाक्काला आणि मग हिंदुस्थानात आले, असे तो नोंदवतो. १६२६ मध्ये तर हिंदुस्थानातूनच पपईचे बी इटलीतील नेपल्सला पाठवले गेले.

४/
हा प्रवास रोमांचक असला तरी त्याची एक किंमत होती. पपईचे बी हलके, टिकाऊ आणि संख्येने भरपूर. खलाशाच्या मुठीत मावेल एवढ्या बियांतून एका प्रदेशाची सगळी लागवड उभी राहू शकते. पण मूठभर बियांत मूळ जंगलातील सगळे जनुकीय वैविध्य मावत नाही. प्रत्येक नव्या बंदरावर थोडे वैविध्य मागे राहते. २००२ मध्ये ६३ पपई-नमुन्यांची जनुकीय तपासणी प्रसिद्ध झाली. आकार, रंग आणि चव यांत ती फळे एकमेकांपासून खूप वेगळी होती, तरी त्यांच्या जनुकांतील साम्य सरासरी ०.८८ इतके निघाले. बाहेरून नाना रूपे आणि आतून जवळचे नाते, अशी लागवडीतल्या पपईची स्थिती आहे.

५/
आता चिकाकडे वळू. कच्च्या पपईला नख लागले की पांढरा चीक ओघळतो. झाडाच्या दृष्टीने ते शस्त्र आहे. त्यात प्रथिने तोडणारी विकरे (एन्झाइम) असतात. पाने कुरतडणाऱ्या अळीच्या पोटात ती गेली की अळीचेच नुकसान होते. जपानी संशोधकांनी २००४ मध्ये हे प्रयोगाने दाखवले. पपईच्या पानांवर अळ्या मरत वा खुरटत. चीक धुऊन काढलेल्या पानांवर मात्र त्याच अळ्या सुखाने वाढल्या. माणसाने पपईच्या ज्या गुणाचा औषधासाठी उपयोग केला, तो मुळात झाडाने स्वतःच्या रक्षणासाठी घडवलेला होता.

६/
स्वयंपाकघराला हे गुपित फार आधी ठाऊक होते. मांस लवकर शिजावे म्हणून त्याला कच्ची पपई वाटून लावण्याची रीत भारतात सर्वत्र आहे. या रीतीची शास्त्रीय तपासणी करणाऱ्या आरंभीच्या लेखकांत एक नाव भारतातले आहे. जी. सी. रॉय यांनी पपईच्या रसाचा मांसासारख्या अन्नपदार्थांवर होणारा परिणाम अभ्यासून १८७३ मध्ये कलकत्त्याच्या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. पुढे १८७९ मध्ये फ्रान्समध्ये वुर्त्झ आणि बुशू यांनी या द्रव्याला ‘पपेन’ हे नाव दिले.

७/
विसाव्या शतकात चिकाचा उद्योग उभा राहिला. सिलोन आणि पूर्व आफ्रिकेतील मळ्यांत सकाळच्या वेळी हिरव्या फळांवर उथळ चरे मारून चीक गोळा होई, वाळवला जाई आणि मांस मऊ करणाऱ्या पुडीसाठी वा बिअरचा गढूळपणा घालवण्यासाठी विकला जाई. शास्त्रज्ञांच्या दृष्टीने मात्र चीक म्हणजे अनेक विकरांचे मिश्रण होते. अमेरिकेतील अरनॉल्ड बॉल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये पपेनचे स्फटिक मिळवले. १९४१ मध्ये यूजीन जॅन्सन आणि बॉल्स यांनी त्याच चिकातून दुसरे विकर वेगळे काढले. त्याचे नाव कायमोपपेन. पुढची कथा याच विकराची आहे.

८/
आता पाठीकडे. ‘गादी सरकली’ हा शब्दप्रयोग घरोघरी ऐकू येतो. प्रत्यक्षात गादी जागची सरकत नाही. दोन मणक्यांमधील प्रत्येक चकतीला बाहेरून तंतूंचे चिवट कडे असते आणि आत पाणी धरून ठेवणारा मऊ गाभा असतो. कड्याला चीर पडली की गाभ्याचा भाग बाहेर डोकावतो आणि शेजारून जाणाऱ्या नसेच्या मुळाला डिवचतो. मग कळ कंबरेत न थांबता कुल्ल्यातून मांडीमागे, पोटरीत आणि पावलापर्यंत जाते. हाच सायटिका. आयुर्वेदात या स्वरूपाच्या विकाराला ‘गृध्रसी’ म्हटले आहे.

९/
हे दुखणे पुरातन असले तरी त्याचे कारण कळायला फार काळ गेला. १७६४ मध्ये नेपल्सचे वैद्य दोमेनिको कोतुन्यो यांनी ही वेदना सांध्याची नसून नसेची आहे असे मांडले. पण नसेला डिवचते कोण? विसाव्या शतकाच्या आरंभीही शस्त्रक्रियेत सापडणारे गादीचे तुकडे डॉक्टरांना उपास्थीच्या गाठी वाटत. १९३४ मध्ये बोस्टनचे विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी दाखवून दिले की या गाठी म्हणजे फाटलेल्या गादीचा बाहेर आलेला भाग आहे. कारण सापडताच उपायही ठरला : पाठ उघडा आणि तो तुकडा काढून टाका. पुढील तीन दशके शस्त्रक्रियांची होती. काहींना त्यांनी चालते केले, तर काहींच्या वाट्याला व्रणाचे नवे दुखणे आले.

१०/
शस्त्रक्रियेला पर्याय सापडला तो सशांच्या कानांमुळे. न्यूयॉर्कचे संशोधक लुईस थॉमस यांनी वेगळ्याच कामासाठी सशांच्या शिरेत पपेन टोचले. काही तासांतच सशांचे ताठ कान लोंबू लागले आणि तीन-चार दिवसांत पुन्हा उभे राहिले. ॲरन केल्नर या दुसऱ्या संशोधकालाही हेच दिसले होते. त्यांचे लक्ष हृदयाच्या स्नायूंवर असल्याने त्यांनी तो धागा सोडून दिला. थॉमस यांनीही आरंभी तो बाजूला ठेवला होता, पण नंतर ते परतले. पपेनमुळे कानांतील कूर्चेचा आधारद्रव विरघळतो आणि शरीर तो पुन्हा भरून काढते, हे त्यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केले. एकाच निरीक्षणाच्या या दोन वाटांवर १९५८ मध्ये समाजशास्त्रज्ञांनी स्वतंत्र लेख लिहिला.

११/
कानाची कूर्चा आणि गादीचा गाभा यांत साम्य आहे. दोन्हींत पाणी धरून ठेवणारे ‘प्रोटिओग्लायकन’ नावाचे रेणू असतात. १९५९ मध्ये स्वीडनचे कार्ल हिर्श यांनी गादीत विकर टोचण्याची कल्पना मांडली. लायमन स्मिथ यांनी ती प्रत्यक्षात आणली. आधी प्राण्यांवर प्रयोग झाले, १९६३ मध्ये माणसावर, आणि १९६४ मध्ये पहिल्या रुग्णांचा वृत्तांत अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला. पद्धतीचे नाव ठरले ‘केमोन्यूक्लिओलिसिस’, म्हणजे रसायनाने गाभा विरघळवणे.

१२/
उपचारामागचे तर्कशास्त्र सुबक होते. क्ष-किरणांच्या मदतीने सुई गादीच्या मध्यावर न्यायची. कायमोपपेन गाभ्यातील प्रोटिओग्लायकनचा प्रथिनाचा कणा तोडते. मग गाभ्याला पाणी धरता येत नाही, तो आक्रसतो आणि नसेवरचा दाब उतरतो. बाहेरच्या कड्यातील चिवट तंतूंना हे विकर फारशी इजा करत नाही. पाठ उघडावी लागत नाही, हाड कापावे लागत नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. पपई खाल्ल्याने किंवा चीक पोटात घेतल्याने गादीवर असा परिणाम होत नाही. विकर हे स्वतः प्रथिन असल्याने पोटात गेल्यावर इतर प्रथिनांसारखेच पचते. कच्चा चीक त्वचेला आणि घशाला अपायकारक ठरू शकतो.

१३/
१९७५ पर्यंत हजारो रुग्णांनी हा उपचार घेतला होता आणि अनेक डॉक्टर समाधानी होते. पण समाधान हा पुरावा नव्हे. गादीच्या दुखण्याची एक खोड आहे : बऱ्याच जणांचे दुखणे काही आठवड्यांत वा महिन्यांत आपोआप ओसरते. मग बरे कोणी केले, औषधाने की काळाने? त्यासाठी अमेरिकेत दुहेरी-अंध चाचणी झाली. कोणाला औषध आणि कोणाला नकली द्रव मिळाला, हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही माहीत नव्हते. निकाल धक्कादायक होता. दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. कंपनीने परवान्याचा अर्ज मागे घेतला.

१४/
वाद मिटला नाही. नकली द्रव खरोखर निष्क्रिय होता का, औषधाची मात्रा पुरेशी होती का, निकाल पाहण्याची घाई झाली का, असे आक्षेप आले. दरम्यान कॅनडात हा उपचार उपलब्ध होता आणि अमेरिकन रुग्ण सीमा ओलांडून तेथे जाऊ लागले. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या रॉबर्ट फ्रेझर यांनी ६० रुग्णांवर नवी चाचणी केली. या वेळी तुलनेला साधे मिठाचे पाणी होते. १९८२ मध्ये निकाल आला आणि तो कायमोपपेनच्या बाजूचा होता. दहा वर्षांनंतरच्या पाहणीतही तो फरक टिकून असल्याचे दिसले. अमेरिकेतील नव्या चाचणीनेही दुजोरा दिला आणि १९८२ च्या अखेरीस तेथील औषध प्रशासनाने परवाना दिला.

१५/
त्यानंतर झुंबड उडाली. थोड्या प्रशिक्षणावर अनेक डॉक्टरांनी हा उपचार सुरू केला आणि मग दुर्घटना पुढे येऊ लागल्या. काही रुग्णांना टोचताच तीव्र ॲलर्जीचा झटका आला. कारण पपेन त्यांच्या शरीराला आधीच ओळखीचे होते. मांस मऊ करणारी पुडी, बिअर, डोळ्यांतील भिंगे स्वच्छ करण्याच्या गोळ्या अशा वस्तूंतून ते नकळत येई. हे झटके स्त्रियांत अधिक आढळले. सुई चुकून मज्जारज्जूच्या आवरणात गेल्यास रक्तस्राव होई, आणि काही थोड्या रुग्णांचे पाय कायमचे लुळे पडले.

१६/
आकड्यांकडे पाहिले तर चित्र निराळे भासते. १९८२ ते १९९१ या काळात अमेरिकेत सुमारे १,३५,००० रुग्णांना हे औषध दिले गेले आणि १२१ गंभीर घटनांची नोंद झाली. त्यांपैकी ७ मृत्यू ॲलर्जीमुळे झाले. खुल्या शस्त्रक्रियेतही धोका होताच. पण प्राणघातक नसलेल्या दुखण्यावरील इंजेक्शनने धडधाकट माणूस दगावणे समाजाला सोसवत नाही. पुढे ॲलर्जीची पूर्वचाचणी आली, मात्र तोवर विश्वास उडाला होता. सूक्ष्मदर्शकाखालच्या लहान छेदाच्या शस्त्रक्रियाही रुजल्या होत्या. २००३ मध्ये अमेरिकेत या औषधाची विक्री थांबली. नंतरच्या आढाव्यांचा निष्कर्ष असा : नकली औषधापेक्षा सरस, शस्त्रक्रियेपेक्षा उणे.

१७/
एकच मात्रा, एकच सुई आणि हजारो वेगवेगळी शरीरे. औषधाचा तोल गेला तो येथे. बागांत याच्या उलट घडत होते. तेथे झाडे एकसारखी होती आणि शत्रू बदलत होता. त्यासाठी हवाई बेटांकडे जावे लागेल. १९११ मध्ये बार्बाडोसहून तेथे एक लहान, गोड पपई आली. एका माणसाला एका बैठकीत पुरेल असे फळ, म्हणून तिचे नाव ‘सोलो’. तिच्याच वंशातून हवाईचा निर्यात-उद्योग उभा राहिला. सर्व फळे सारख्या आकाराची, सारख्या चवीची. बाजाराला हेच हवे होते.

१८/
या एकसारखेपणाचे मूळ पपईच्या लिंगभेदात आहे. पपईची झाडे तीन प्रकारची असतात : नर, मादी आणि उभयलिंगी. १९३८ मध्ये हवाईतील स्टोरी आणि दक्षिण आफ्रिकेतील हॉफमेयर यांनी स्वतंत्रपणे त्यामागील आनुवंशिकतेचा उलगडा केला. उभयलिंगी झाड स्वतःच्याच परागाने फळते, त्याचे फळ लांबट असते आणि बागेत नर झाडे पोसावी लागत नाहीत. रानटी पपईत असे झाड आढळत नाही. २०१५ च्या संशोधनानुसार उभयलिंगी झाडाचे लिंग-गुणसूत्र नर गुणसूत्रापासून सुमारे ४,००० वर्षांपूर्वी वेगळे झाले आणि माणसाच्या निवडीमुळे टिकले. पिढ्यान्‌पिढ्या स्वपरागणाने वाढवलेला वाण स्थिर होतो, आणि त्यातले वैविध्यही आटते.

१९/
मग शत्रू आला. पपईचा रिंगस्पॉट विषाणू मावा किडीमार्फत पसरतो. पाने आक्रसतात, फळांवर वर्तुळे उमटतात आणि झाड खुरटते. ओआहू बेटावर त्याने घातलेल्या थैमानामुळे हवाईची लागवड मोठ्या बेटावरील पुना भागात हलली होती. १९९२ मध्ये तो पुनातही सापडला. ‘कपोहो’ या एकाच सोलो वाणाने व्यापलेल्या बागांत विषाणूला अडवेल असे झाड नव्हते. काही वर्षांतच बागा ओस पडू लागल्या.

२०/
हवाईतच जन्मलेले डेनिस गोन्साल्विस तेव्हा कॉर्नेल विद्यापीठात होते. विषाणूच्याच आवरणाचे जनुक पपईत घालून तिला संरक्षण देण्याचे काम ते आणि त्यांचे सहकारी आधीपासून करत होते. १९९८ मध्ये ‘सनअप’ आणि ‘रेनबो’ हे वाण शेतकऱ्यांच्या हाती आले आणि उद्योग सावरला. याच ‘सनअप’चा संपूर्ण जनुकसंच २००८ मध्ये वाचला गेला. जनुक-परिवर्तित पिकांत तो पहिला. मात्र या संरक्षणालाही मर्यादा आहे. ते हवाईतील विषाणूविरुद्ध बेतलेले आहे. इतर देशांतील विषाणूचे प्रकार वेगळे असल्याने तेथे ते तसेच चालत नाही.

२१/
महाराष्ट्रातही ही कथा अनोळखी नाही. एके काळी येथे ‘वॉशिंग्टन’, ‘मधुबिंदू’ अशा वाणांची नावे घेतली जात. आज नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः शहाद्याच्या परिसरात, शेकडो एकरांवर ‘तैवान ७८६’ हा संकरित वाण उभा दिसतो. उत्पन्न चांगले आणि फळ वाहतुकीला टणक. पण संकरित वाणाचे बी दर लागवडीला नव्याने विकत घ्यावे लागते, आणि मावा व रिंगस्पॉट येथेही आहेत. भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या पुणे केंद्रात विषाणू सोसणाऱ्या झाडांची निवड करण्याचे काम झाले आहे. अशा निवडीला मुळात निवडण्याजोगी वेगवेगळी झाडे लागतात.

२२/
ती मिळायची कोठून? पपईला सख्खी भावंडे नाहीत, म्हणून संशोधक दूरच्या नातलगांकडे वळले. दक्षिण अमेरिकेतील ‘व्हास्कोन्सेलिया’च्या काही जाती या विषाणूला दाद देत नाहीत. ऑस्ट्रेलिया आणि फिलिपिन्समधील संशोधकांनी अत्यंत कष्टाने त्यांचा पपईशी संकर घडवला. दुसरा ठेवा मेसोअमेरिकेतील रानटी पपईचा. मूठभर बियांच्या प्रवासात जे मागे राहिले, ते अजून तेथे काही प्रमाणात आहे. ती जंगले गेली, तर कोणत्याही प्रयोगशाळेला ते पुन्हा घडवता येणार नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने हवाईतील हिलो येथे पपईचे जननद्रव्य जपले आहे, पण शीतगृहातील बी विषाणूबरोबर बदलत जात नाही. रानातले झाड बदलते.

२३/
गादीत विकर टोचण्याची कल्पना मात्र मेली नाही. २०१८ मध्ये जपानने ‘कॉन्डोलियेज’ या औषधाला परवाना दिला. हे विकर पपईतून नव्हे, एका जिवाणूतून मिळते आणि ते प्रथिने तोडत नाही. गाभ्यातील पाणी धरणाऱ्या शर्करासाखळ्या तेवढ्या तोडते. स्मिथ यांचे तर्कशास्त्र तेच, हत्यार अधिक नेमके. १९६३ मध्ये पपईने दाखवलेली दिशा चुकीची नव्हती.

२४/
पपईच्या इतिहासात खलनायक कोणी नाही. स्मिथ यांना रुग्ण चालता करायचा होता, हवाईच्या शेतकऱ्याला विकले जाईल असे फळ हवे होते. दोघांच्याही हाती उत्तम वस्तू होती. औषध ज्या शरीरात जायचे त्या शरीरांतील भेद आधी तपासले गेले असते, तर काही जीव वाचले असते. बागेत चार निराळ्या वंशांची झाडे असती, तर विषाणूला प्रत्येक झाड सारखेच सोपे गेले नसते. परसातल्या पपईची एखादी जुनी, वेडीवाकडी, बियांनी भरलेली जात दिसली, तर ती तोडण्याआधी तिचे बी राखून ठेवण्यात शहाणपण आहे.